माऊसचा कर्सर पळतो, हुकतो, अडखळतो: ॲक्सेलरेशन आहे की आणखी काही?

लग्नपत्रिका करणारे डीटीपीवाले, मोजणीचे नकाशे कॅडमध्ये गिरवणारे आणि गेम खेळणारी कॉलेजची मुलं एकाच तक्रारीसाठी पुन्हा पुन्हा माझ्याकडे येतात: "माऊस हातात राहत नाही." बरेच जण येण्याआधी नवा माऊस घेऊनही बसलेले असतात आणि त्रास तसाच असतो. कारण दोष पुष्कळदा माऊसमध्ये नसतोच, सेटिंगमध्ये असतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी आपलं लक्षण नीट ओळखा.

लक्षणं

हात फटकन हलवला की कर्सर अर्धा पडदा ओलांडतो, पण तेवढंच अंतर सावकाश सरकवलं की जेमतेम दोन आयकॉन पुढे जातो. हे ॲक्सेलरेशनचं, म्हणजे हाताच्या वेगाप्रमाणे कर्सरची चाल कमी-जास्त होण्याचं, खास लक्षण.

हात हळू हलवा किंवा जोरात, कर्सर कायमच भरधाव असतो किंवा कायमच मंद असतो. हा ॲक्सेलरेशनचा नव्हे, विंडोजमधल्या वेगाचा किंवा डीपीआयचा (माऊस एका इंचाला किती ठोके मोजतो त्याचा) प्रश्न.

कर्सर थरथरतो, मध्येच अडकतो, उडी मारतो, किंवा माऊस उजवीकडे नेला तरी थोडा खाली घसरतो. इथे सेन्सर, टेबलाचा पृष्ठभाग, वायरलेस रिसीव्हर किंवा यूएसबी पोर्ट पाहायचं.

कर्सर आपोआप एखाद्या बटणावर किंवा रेघेवर जाऊन चिकटतो. हे बहुतेक वेळा 'स्नॅप'चं काम असतं.

आणि सगळ्यात वैताग आणणारं लक्षण: सेटिंग बदलली, सगळं छान झालं, दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं तर पुन्हा पहिल्यासारखं. याच्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण लोक परत येतात ते मुख्यतः यामुळेच.

आधी दोन पुस्तकांची चाचणी

ही फुकट आहे, मिनिटभरात होते आणि पुढची निम्मी शोधाशोध वाचवते. दोन जाडजूड पुस्तकं टेबलावर अशी ठेवा की माऊस त्यांच्यामध्ये साधारण ३ सेंटीमीटर डावी-उजवीकडे सरकू शकेल. माऊस डाव्या पुस्तकाला टेकवा. आता माऊस तिथून न हलता कर्सर पडद्याच्या डाव्या भागातल्या एखाद्या आयकॉनवर असायला हवा. जमत नसेल तर पुस्तकंच थोडी सरकवून घ्या. मग माऊस झटक्यात उजव्या पुस्तकापर्यंत न्या आणि अगदी सावकाश परत डाव्या पुस्तकाला टेकवा.

कर्सर जवळपास त्याच आयकॉनवर परत आला तर ॲक्सेलरेशन बंद आहे. आयकॉनच्या बराच उजवीकडे राहिला तर ते चालू आहे: जाताना वेग होता म्हणून कर्सर लांब गेला, येताना वेग नव्हता म्हणून तेवढं अंतर कापता आलं नाही. जाताना कर्सर पडद्याच्या कडेला आपटला तर चाचणी बाद धरा, पुस्तकं जवळ आणा आणि पुन्हा करा. एकदा इथे, एकदा तिथे असं दर वेळी वेगळंच उत्तर आलं तर सेटिंगच्या नादी लागू नका, थेट पृष्ठभाग आणि सेन्सरकडे जा.

ही चाचणी उपयोगी पडते ती का, तेही सांगतो. माऊस कॉम्प्युटरला "मी पडद्यावर अमुक ठिकाणी आहे" असं कधीच कळवत नाही. तो फक्त "मागच्या निरोपापासून एवढे ठोके उजवीकडे, एवढे वर" असं कळवतो. साधा यूएसबी माऊस असा निरोप साधारणपणे सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी देतो. गेमिंगचे माऊस १००० वेळा देतात. ॲक्सेलरेशन बंद असेल तर ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक ठोक्याला ठरलेल्या एकाच आकड्याने गुणते. चालू असेल तर तो आकडा हाताच्या वेगाप्रमाणे बदलतो: हळू हाताला लहान, जोरकस हाताला मोठा. म्हणजे कर्सर किती जाणार हे हात किती हलला एवढ्यावर ठरत नाही, कसा हलला त्यावरही ठरतं. ज्याच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय आहे तो माणूस इथेच चुकायला लागतो आणि दोष स्वतःला देतो.

१. डीपीआयचं बटण दाबलं गेलंय का?

माऊसच्या चाकाच्या मागे छोटं बटण असेल तर ते बहुतेक वेळा डीपीआय बदलण्याचं असतं. साफसफाई करताना, मुलांनी हाताळताना किंवा नुसतं बोट लागूनही ते दाबलं जातं. एकेका दाबाला ८००, १२००, १६००, २४०० अशा पायऱ्या चढतात आणि शेवटी परत पहिल्यावर येतात. प्रत्येक माऊसच्या पायऱ्या वेगळ्या. "काल संध्याकाळपर्यंत चांगला होता, सकाळी अचानक पळायला लागला" ही तक्रार आली की मी आधी हेच बटण बघतो.

आकड्याचा अर्थ समजून घ्या. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की ८०० ठोके. तुमचा पडदा १९२० पिक्सेल रुंद असेल आणि विंडोजचा वेग मूळ जागी आणि ॲक्सेलरेशन बंद असेल, तर या टोकापासून त्या टोकाला जायला २.४ इंच, म्हणजे सुमारे ६ सेंटीमीटर हात हलवावा लागतो. १६०० वर तेच ३ सेंटीमीटर. चार-के पडदा ३८४० पिक्सेलचा असतो, तिथे ८०० वर १२ सेंटीमीटर लागतात. मोठा मॉनिटर घेतल्याबरोबर "माऊस मंद झाला" असं वाटतं ते यामुळे; माऊस तोच आहे, रस्ता लांबला आहे.

२. खालचा कागद बदला

माऊसखाली एक कोरा ए-फोर कागद ठेवून काम करून बघा. कर्सर सुधारला तर दोष टेबलाचा. काच, चकचकीत सनमायका आणि एकसारखा गुळगुळीत प्लास्टिकचा पृष्ठभाग यांवर साध्या ऑप्टिकल माऊसला धरून ठेवायला काही सापडत नाही. तो खालच्या पृष्ठभागाची अतिशय छोटी छायाचित्रं एकामागून एक घेतो आणि दोन छायाचित्रांतला फरक मोजतो. फरकच दिसला नाही तर मोजणार काय? माऊस उलटा करून सेन्सरच्या खाचेत केस किंवा धागा अडकला आहे का तेही बघा. कोरड्या मऊ ब्रशने काढा, पाणी नको.

३. टचपॅडला तळवा लागतोय का?

लॅपटॉपला माऊस जोडून काम करणाऱ्यांसाठी. टाइप करताना तळव्याचा स्पर्श टचपॅडला होतो आणि कर्सर दुसऱ्याच ओळीत जाऊन बसतो. विंडोजच्या टचपॅड सेटिंगमध्ये माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवण्याचा पर्याय असतो, त्याच्यापुढची टिकची खूण काढून टाका. त्रास थांबला तर इथेच थांबा.

४. विंडोजची मुख्य खूण

आता खुद्द ॲक्सेलरेशन. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत रोमन अक्षरांत मेन, टिंब, सीपीएल असं सलग टाइप करून एंटर द्या. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माऊस, ॲडिशनल माऊस सेटिंग्ज या वाटेनेही तीच खिडकी येते. तिच्यात 'पॉइंटर ऑप्शन्स' हा टॅब उघडा.

इथे तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'. हीच ॲक्सेलरेशनची खूण. तिच्या नावात ॲक्सेलरेशन हा शब्द कुठेच नसल्यामुळे लोकांना ती सापडत नाही. विंडोज एक्सपीपासून ती मूळ स्थितीत चालू असते. खूण काढून टाका, 'अप्लाय' दाबा आणि पुस्तकांची चाचणी पुन्हा करा.

दुसरी, वेगाची पट्टी. तिच्यावर ११ खाचा आहेत आणि मधली सहावी मूळ जागा आहे. ॲक्सेलरेशन बंद असताना सहाव्या खाचेवर माऊसचा एक ठोका म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल. चौथ्या खाचेवर अर्धा, तिसऱ्यावर पाव, आठव्यावर दोन, शेवटच्या अकराव्यावर साडेतीन. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पट्टी आठव्यावर असेल तर कर्सर दोन-दोन पिक्सेलच्या उड्या मारतो, मधल्या पिक्सेलवर तो थांबूच शकत नाही. अक्षराच्या वळणावरचा नोड (आकार बदलण्याचा बिंदू) पकडताना "एक तर अलीकडे जातो नाही तर पलीकडे" असं होतं ते यामुळे. म्हणून पट्टी सहाव्यावर ठेवा आणि वेग हवा तर तो माऊसच्या डीपीआयमधून घ्या. डीपीआयचं बटण नसलेला साधा माऊस असेल आणि तो फारच पळत असेल तर पाचव्या किंवा चौथ्या खाचेवर यायला हरकत नाही. वर सरकणं मात्र टाळा.

तिसरी, त्याच टॅबवरचा 'स्नॅप टू'. तो चालू असेल तर कुठलीही चौकट उघडली की कर्सर आपोआप 'ओके'वर जाऊन बसतो. खूण काढा. स्नॅपचा विषय निघालाच आहे तर: ऑटोकॅडमध्ये एफ-९ दाबला गेला तर कर्सर ठरावीक अंतराच्या उड्या मारत फिरतो, आणि नवशिक्यांना वाटतं माऊस बिघडला. पुन्हा एफ-९ दाबा. कोरलड्रॉमध्येही गाइडलाइनला किंवा वस्तूला चिकटण्याची सोय असते. कर्सर एकाच प्रोग्राममध्ये त्रास देत असेल आणि डेस्कटॉपवर नीट चालत असेल तर विंडोजच्या सेटिंगला हात लावू नका, त्या प्रोग्रामचं स्नॅप शोधा.

मग सगळ्यांनी ॲक्सेलरेशन बंद करावं का?

नाही. इंटरनेटवर सरसकट "बंद करा" असं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. ज्यांचं टेबल लहान आहे, एका हाताच्या बाजूला फायलींचा ढीग आहे, काम टायपिंगचं आणि ब्राउझरचं आहे, त्यांना ॲक्सेलरेशन खरोखर मदत करतं: जोरात हलवलं की लांब जातं, हळू हलवलं की बारीक चालतं. टचपॅडवर तर ते हवंच, कारण तिथे बोटाला जागाच तेवढीशी. जुन्या लॅपटॉपच्या टचपॅडला विंडोज माऊसच समजतं, त्यामुळे ही खूण काढली की टचपॅडही बदलतो. तो अचानक नकोसा वाटला तर कारण हे आहे.

बंद करावं ते नेम धरून काम करणाऱ्यांनी: नकाशे गिरवणारे, फोटोतली पार्श्वभूमी कापणारे, अक्षरं आखणारे, आणि नेमबाजीचे गेम खेळणारे. बंद केल्यावर पहिले काही दिवस हात बावचळतो. त्या काळात रोज थोडं-थोडं बदलत बसलात तर हाताला कधीच सवय लागणार नाही. एक आकडा ठरवा आणि किमान आठवडाभर तोच ठेवा.

५. वायरलेस माऊस आणि यूएसबी

अडखळणाऱ्या वायरलेस माऊसचा सेल आधी बदला. त्याने झालं नाही तर रिसीव्हर कुठे खोचला आहे ते बघा. यूएसबी ३ चं पोर्ट आणि त्याला जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट होतो, आणि माऊसचा रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. बॅकअप घेताना माऊस अडकत असेल तर संशय पक्का धरा. रिसीव्हर लांबच्या काळ्या (यूएसबी २ च्या) पोर्टमध्ये लावा, किंवा साध्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने टेबलावर माऊसजवळ आणा. या केबलने सुटलेले प्रश्न मी इतके पाहिले आहेत की नवा माऊस घेण्याआधी ती लावून बघा असंच मी प्रत्येकाला सांगतो.

थोडा वेळ हात न लावल्यावर माऊस झोपी जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती काढा.

६. सेटिंग परत का फिरते?

चार ठिकाणं, याच क्रमाने बघा.

पहिलं, युजर बदलला आहे का. माऊसची ही सेटिंग विंडोजमध्ये प्रत्येक युजरची वेगळी साठवली जाते. दुकानात सकाळी एकाने आणि संध्याकाळी दुसऱ्याने लॉगिन केलं तर दोघांचा माऊस वेगळा चालणार. प्रत्येकाच्या लॉगिनमध्ये जाऊन खूण काढावी लागते.

दुसरं, माऊस कंपनीचं सॉफ्टवेअर. ते मशीनसोबत सुरू होतं आणि स्वतःच्या प्रोफाइलमधला वेग पुन्हा लादतं. सेटिंग एकाच ठिकाणी करा. मी शक्यतो डीपीआय माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठवून घेतो, ती सोय असेल तर, आणि मग ते सॉफ्टवेअर काढून टाकतो.

तिसरं, गेम. काही जुने गेम सुरू होताना विंडोजची माऊस सेटिंग बदलतात आणि बंद होताना परत ठेवतात. गेम मध्येच कोसळला तर परत ठेवायचं राहून जातं. सायबर कॅफेत वर्षानुवर्षं खेळला गेलेला काउंटर-स्ट्राइक १.६ त्यातलाच, त्यासाठी गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये 'नो फोर्स एम ॲक्सेल' सारखे पर्याय द्यावे लागतात. नव्या गेममध्ये 'रॉ इनपुट' असतं, माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतही माऊसच्या सेटिंगमध्ये आहे. ते चालू केलं की गेम माऊसचे ठोके थेट घेतो, विंडोजची खूण आणि पट्टी दोन्ही बाजूला राहतात. म्हणून "विंडोजमध्ये बंद केलं तरी गेममध्ये फरक नाही" अशी तक्रार असेल तर गेमची स्वतःची सेन्सिटिव्हिटी पाहा.

चौथं, कॉलेजच्या लॅब आणि कॅफेतली मशीन. तिथे रीस्टार्ट केल्यावर सगळं मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. तुम्ही कितीही वेळा खूण काढा, ती परत येणारच. लॅब सांभाळणाऱ्यांनाच मूळ स्थितीत बदल करायला सांगा.

आता विंडोज नसलेल्यांसाठी: लिनक्सवर ग्नोम या डेस्कटॉपच्या अलीकडच्या आवृत्त्यांत, ४४ पासून, माऊसच्या सेटिंगमध्येच ॲक्सेलरेशनचं बटण आहे. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये 'फ्लॅट' आणि 'ॲडॅप्टिव्ह' असे दोन पर्याय दिसतात, फ्लॅट म्हणजे बंद. अलीकडच्या मॅकमध्ये माऊस सेटिंगच्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'पॉइंटर ॲक्सेलरेशन' आहे.

७. रजिस्ट्री, शेवटचा उपाय

रजिस्ट्री म्हणजे विंडोज स्वतःच्या सेटिंग जिथे नोंदवून ठेवतं ती जागा. खूण काढूनही चाचणी सांगते की ॲक्सेलरेशन चालू आहे, तरच इथे या. आधी बॅकअप घ्या. करंट युजरखाली कंट्रोल पॅनल, त्याखाली माऊस या जागी 'माऊस स्पीड', 'माऊस थ्रेशोल्ड १' आणि 'माऊस थ्रेशोल्ड २' अशा तीन नोंदी असतात. ॲक्सेलरेशन बंद असताना तिन्ही ० असतात; चालू असताना अनुक्रमे १, ६ आणि १०. तिन्ही ० करा, लॉगआउट करून परत या. ॲक्सेलरेशन 'मुळापासून काढणाऱ्या' तयार रजिस्ट्री फायली इंटरनेटवरून उतरवून चालवू नका. रॉ इनपुट असलेल्या गेमना त्यांची गरज नाही, आणि आत आणखी काय बदललं आहे ते तुम्हाला दिसत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरवरही कोऱ्या कागदावर उड्या मारत असेल तर तो गेला. साध्या माऊसची दुरुस्ती परवडत नाही, वॉरंटी असेल तर बदलून घ्या. उलट कुठलाही माऊस तुमच्याच मशीनवर तुटत असेल, सोबत पेनड्राइव्ह किंवा कीबोर्डही मधूनच गायब होत असेल, तर पोर्ट किंवा बोर्डाचं काम आहे; हार्डवेअरवाल्याकडे न्या.

लॅपटॉप चार्जरवर असताना टचपॅडचा कर्सर थरथरतो आणि चार्जर काढला की शांत होतो, असं असेल तर अर्थिंगची शंका घ्या. मशीनच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तो सॉकेट वापरणं थांबवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो, क्लिक होत नाही, लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही: आतली बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, स्वतः उघडू नका. सर्व्हिस सेंटरला न्या.

ऑफिसचं मशीन असेल आणि सेटिंग करड्या रंगात दिसत असेल, हातच लावता येत नसेल, तर ती तुमच्या आयटी विभागाने बंद केलेली आहे. त्यांनाच कळवा.

मनगट दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर सेटिंग बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि कर्सर थरथरत नाही, तर ठरवून फिरतो आहे, खिडक्या उघडतो आहे, बँकेच्या पानावर जातो आहे, असं दिसलं तर तो माऊसचा दोष नाही; कोणीतरी बाहेरून मशीन चालवतं आहे. फोनवरून सांगून एखादं रिमोटचं ॲप टाकून घेतलं असेल तर विशेषच. त्याच क्षणी इंटरनेट तोडा. पैशांचा व्यवहार झाला असेल तर बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा.